टिकरोल्याची मुसळी

वाळलेल्या पानावरून टिपकागद अलगद उचलला की एक आवाज होतो. जुन्या रेशमी लुगड्याची घडी मोडताना होतो तसा, पण त्याहून कोरडा आणि सावध. निजलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेतानं कुणी त्याच्या अंगावरचं पांघरूण बाजूला सारावं, तसा. मुकादम सर माझ्या स्मरणात येतात ते या आवाजाच्या मागून. आधी कागदाचा तो उसासा येतो, मग डांबरगोळ्यांचा थंड दर्प, मग उत्तरेच्या उंच खिडकीतून धूळ गाळून उतरणारा दिल्लीच्या शरदातला उजेड, आणि त्या उजेडात भिंग डोळ्याशी नेऊन वाकलेला एक उंच, सडसडीत माणूस. वाकताना ते श्वास रोखून धरत. कित्येक वर्षांपूर्वी सुकलेला परागकण आपल्या निःश्वासानं उडून जाऊ नये, एवढी अदब मी पुढे कुठल्या देवळातही पाहिली नाही.

सर रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे कोकणी मुसलमान. समुद्राचं खारं वारं ज्याच्या बालपणात भरून राहिलं आहे असा माणूस दिल्लीसारख्या कोरड्या, धुळकट, ऋतूंच्या बाबतीत अतिरेकी शहरात चाळीस वर्षं राहिला आणि त्यानं कधी तक्रार केली नाही. केंद्र सरकारच्या एका वनस्पतिसंग्रहात ते वरिष्ठ शास्त्रज्ञ होते, आणि मी त्यांच्या हाताखाली नव्यानं लागलेली साहाय्यक, साताऱ्याची सुमन पाटणकर. वनस्पतिसंग्रह म्हणजे काय, हे माझ्या नातीला, ओवीला, सांगायला गेले तर ती म्हणते, "अच्छा, म्हणजे झाडांची मॉर्च्युरी." पोरगी गुरगावात वाढलेली. शवागार हा शब्द तिच्याजवळ नाही, पण कल्पना बिनचूक आहे. लोखंडी कपाटांतून रांगेनं निजवलेली मृत झाडं. प्रत्येक झाड एका जाड कागदावर, आमच्या बोलीत शीटवर, दोऱ्यानं टाचलेलं, आणि त्याच्या उजव्या पायथ्याशी एक चिठ्ठी: नाव काय, कुठे सापडलं, कुणी तोडलं, कधी तोडलं. शवागारात आणि आमच्यात फरक एवढाच, की आमच्याकडचं प्रेत ओळख पटवून न्यायला कधी कुणी येत नसे.

आणि त्या काळातली मी! तिच्याविषयी मला आता थोडी गंमत वाटते आणि पुष्कळ चीड येते. वय चोवीस, एमएस्सीला पहिला वर्ग, खांद्याला झोळी, आणि नाकावर अशी ऐट की अख्खी वनस्पतिसृष्टी हिच्यासाठी इतकी वर्षं निनावी थांबून राहिली आहे. तिचं अक्षर फार सुंदर होतं. मोत्यांसारखं म्हणत सगळे. तिला त्याचा कोण गर्व! मोती खोटेही असतात, हे कळायला बाईसाहेबांना अजून अवकाश होता.

सरांनी मला सर्वांत आधी शिकवलं ते नाव लिहायला. शास्त्रीय नाव दोन शब्दांचं. पहिला वंशाचा, दुसरा जातीचा. पहिल्याचं आद्याक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान. छापताना दोन्ही तिरक्या अक्षरांत. हातानं लिहिताना दोन्हींखाली रेघ, पण रेघा दोन, वेगवेगळ्या. मी पहिल्याच दिवशी झोकात एक सलग रेघ ओढली, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "बाय, सख्खे भाऊ असले तरी ह्यांची अंथरुणं वेगळी घालायची." दुसरा शब्द एखाद्या सम्राटाच्या नावावरून आला असला तरी तो लहान अक्षरानंच सुरू व्हायचा, या नियमावर त्यांचं विशेष प्रेम होतं. "ह्या दारातून आत येताना बादशहालाही मान वाकवावी लागते," म्हणायचे, आणि म्हणताना स्वतःचीच मान किंचित वाकवायचे.

नियम सांगताना त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट टेबलावर हलकेच आपटत असे. तसबीहचे मणी मोजावेत तशी ती लय होती. ज्यानं प्रथम रीतसर वर्णन करून नाव दिलं त्याचंच नाव खरं, नंतरच्यांनी गप्प बसायचं. ज्या एका वाळलेल्या नमुन्यावरून नाव दिलं, तो नमुना त्या नावाचा जन्मभराचा साक्षीदार. पृथ्वीवरची ती सगळी झाडं नष्ट झाली तरी त्या कागदावरच्या काडीनं नावाला धरून ठेवायचं. एकदा नीट दिलेलं नाव शोभत नाही म्हणून बदलायचं नाही. काळ्या फुलाला कुणी शुभ्र म्हणून गेला असेल तर ते प्रलयापर्यंत शुभ्रच. आणि नमुन्यावरची जुनी चिठ्ठी, ती ढळढळीत चुकलेली असली तरी, काढायची नाही. तुझं म्हणणं वेगळं आहे ना? मग तुझी चिठ्ठी तिच्या बाजूला चिकटव, खाली सही कर, तारीख घाल. "चुकीला फाडायचं नाही, बाय," ते म्हणत. "तिच्या शेजारी बसायचं."

एक नियम मात्र कुठल्या ग्रंथातला नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. रानात गेलीस की जे पाहशील ते तिथंच वहीत लिही. जागा, उतार, माती, फुलाचा रंग. "डोंगराचं डोंगरावर लिहायचं. खाली उतरलं की माणूस लिहायला लागतो." या वाक्याचा अर्थ विचारण्याइतकीही नम्रता तेव्हाच्या सुमन पाटणकरमध्ये नव्हती. तिनं मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना सुभाषितांची फार हौस.

श्रावण सरत आला होता. सर तापानं अंथरुणाला खिळले होते, म्हणून नमुने गोळा करायला मला एकटीला पाठवलं. सरकारी जीप, आणि चालवायला बलबीरजी नावाचे भल्या मोठ्या मिश्यांचे गृहस्थ. मानेसरच्या पलीकडे तेव्हा कारखान्यांचं नखही उगवलं नव्हतं. अरवलीच्या उघड्या, झिजलेल्या, म्हाताऱ्या बैलांच्या पाठींसारख्या टेकड्या पावसानं तेवढ्या महिनाभर हिरव्या होत, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर शेळ्यांखेरीज कुणाचा वावर नसे. सकाळी टिकरोला गावच्या टेकडीवर मी बरंच काही गोळा केलं आणि वहीत नीट लिहिलं. अकराच्या सुमारास मधला नाला ओलांडून आम्ही लोहटाकीच्या टेकडीला गेलो. तिथं पूर्वेच्या उतारावर, खडकांच्या बेचक्यांत, मुसळीचा एक ताटवा फुलला होता. मुसळी म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात जिची भाजी करतात त्या फोडशीची चुलत बहीण. गवतासारखी पानं, मधून निघालेला एक सडपातळ दांडा, आणि त्याच्यावर सकाळी उमलून दुपारी मिटणारी नाजूक चांदण्यांसारखी फुलं.

मी चार झाडं कंदासकट उपटली. वही झोळीतून काढली. तेवढ्यात खालून बलबीरजींनी हाक दिली, "मॅडमजी, बादल देख लो! नाला चढ़ गया तो यहीं बकरियाँ चराओगी!"

ढग होते, हे खरं. पण मी ढगांकडे पाहत नव्हते. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते. करोल बागेत तीनच्या खेळाला एक तरुण तिकिटं काढून उभा राहणार होता. तो पुढे ओवीचा आजोबा झाला, तेव्हा त्या खेळाचं सार्थक झालं असं म्हणता येईल. सिनेमा मात्र अत्यंत भिकार होता. मी वही उघडलीच नाही. चारही झाडं टिपकागदांत घातली, दाबफळ्यांचे पट्टे आवळले, आणि साडी गुडघ्यापर्यंत धरून उतारावरून धावत सुटले. ते धावणं मला अजून दिसतं. त्या मुलीला कुठल्याही क्षणी ठेच लागावी आणि ती पडावी, असं मला आज मनापासून वाटतं. पण ती पडत नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून चिठ्ठ्या लिहिल्या. मुसळीची पाळी आली तेव्हा वहीचं पान कोरं होतं. लोहटाकी मला अगदी स्पष्ट आठवत होती. पण लोहटाकी लिहिलं असतं तर सरांनी वही मागितली असती, आणि कोऱ्या पानावर सुंदर अक्षर उमटत नाही. टिकरोल्याची पानं मात्र भरलेली होती. मी लिहिलं: टिकरोला. फुलांचा रंग आठवून पाहिला, आठवेना. मुसळी पांढरीच असते, सगळ्यांना ठाऊक आहे. मी लिहिलं: फुलं पांढरी. किती सफाईदार दिसली ती चिठ्ठी!

नमुने वाळतात, टाचले जातात, कपाटाच्या रांगेत उभे राहतात, यात ऋतू उलटतात. माघातल्या एका दुपारी सर त्या मुसळीवर वाकले आणि त्यांचा रोखलेला श्वास नेहमीपेक्षा फार लांबला. मी फाइल चाळत होते. मला त्या शांततेनंच मान वर करायला लावली. त्यांनी भिंग ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. "बाय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाडीच्या पाण्यावरून आल्यासारखा ओला होता, "हिच्या केसरांना लव आहे."

त्या लवेवर त्यांनी दोन हिवाळे घालवले. देशोदेशीच्या संग्रहांतून मुसळीचे नमुने मागवले, प्रत्येकाच्या केसरांचे तंतू भिंगाखाली पाहिले, आणि अखेर ठरवलं की ही जात नवी आहे. आजवर कुणी पाहिलेली नाही, कुणी नाव दिलेलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी दिलेली नावं श्रद्धेनं रेखणाऱ्या त्या माणसाच्या वाट्याला एक नाव आलं होतं. त्या दिवसांत त्यांच्या चालण्यात एक लपवलेली उडी होती. लॅटिनमधलं वर्णन ते हलक्या आवाजात स्वतःशी म्हणून पाहत, आणि कुणी आलं की खोकून थांबत.

स्वतःचं नाव वनस्पतीला द्यायचं नसतं, असा संकेत आहे. जिनं ती गोळा केली तिचं मात्र देता येतं. हे कळल्यापासून मी कामाला लागले. चहा देताना, कपाटं लावताना, मी मोठ्या निरागसपणे विचारी, "सर, पाटणकर हे नाव लॅटिनमध्ये कसं बरं होईल?" त्यांनी आठवडाभर हसून घेतलं. मग एका सकाळी म्हणाले, "माणूस मरतो, बाय. गाव राहतं. आपली एक मुसळी बोरिवलीच्या नावची आहे, बघ. तशी ही टिकरोल्याची." आणि पानावर त्यांनी लिहिलं: क्लोरोफायटम टिकरोलेन्से. दोन रेघा ओढल्या, वेगवेगळ्या. मग टाक हातात तसाच ठेवून विचारलं, "टिकरोलाच ना?"

साऱ्या आयुष्यात मला इतक्या सोप्या शब्दांत कुणी प्रश्न विचारला नाही. पण माझं नाव हुकलं होतं आणि मी फुगून बसले होते. फुगलेल्या माणसाला स्वतःच्या फुग्यापलीकडचं दिसत नाही. मी म्हटलं, "हो सर."

संशोधनपत्रिकेत वर्णन छापून आलं त्या दिवशी सरांनी करोल बागेतून गरम इमरती आणून साऱ्या कार्यालयात वाटली. माझ्या हातावर दोन ठेवल्या. नावात नाहीस, निदान गोडात राहा, म्हणाले. मी खाल्ल्या दोन्ही.

त्या पावसाळ्यात आम्ही ती जिवंत पाहायला टिकरोल्याला गेलो. हा माणूस जिला नाव देऊन बसला होता, तिला त्यानं जिवंत कधी पाहिलं नव्हतं. सरांनी टेकडीच्या पायथ्याशी बूट काढून ठेवले. पायाखाली कंद चिरडला जाऊ नये म्हणून. काळी छत्री, वर दुमडलेली पाटलोण, कातळावर जपून पडणारी गोरी, कोकणी पावलं. ढगांच्या फटीतून उतरलेल्या पिवळट उन्हात ते गवताच्या झुबक्यांत वाकत, हातानं पाती बाजूला करत, आणि त्या हाताला तीच लय असे, टिपकागद उचलण्याची. त्यांच्या मागून मीही वाकत होते. मीही पाती बाजूला करत होते. जिथं काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तिथं मी दिवसभर शोधण्याचं सोंग केलं, आणि मधूनमधून "इथं दिसत नाही हो सर" असंही म्हटलं.

"कंद निजतात," ते संध्याकाळी म्हणाले. "एखाद्या वर्षी वर येत नाहीत. पुढच्या वर्षी बघू."

कबुलीसुद्धा द्यायची गरज नव्हती. सर, ती पलीकडची टेकडीही पाहू या का, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. सापडली असती, त्यांनी हर्षानं लिहिलं असतं, माझी अब्रू झाकलेली राहिली असती. मी ते मनात शिजवून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी म्हणू. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मग मुलगी झाली. मग मला ग्रंथालय विभागात हलवलं. माणसं काय खून करूनच पापी होतात असं थोडंच आहे! पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणतही होता येतं, आणि त्यात संसार नीट चालू राहतो.

सर निवृत्तीला आले त्या सुमारास मानेसरकडच्या जमिनी कारखान्यांसाठी घ्यायचं ठरलं. कुठली टेकडी सोडावी, कुठली सपाट करावी, याबद्दल आमच्या कार्यालयाचं मत मागवलं गेलं, आणि ते काम अर्थातच सरांकडे आलं. त्यांनी त्यात जीव ओतला. टिकरोल्याची टेकडी वाचलीच पाहिजे, कारण पृथ्वीवर एकाच ठिकाणी मिळालेली वनस्पती तिथली आहे, हे त्यांनी चार पानं भरून लिहिलं. बाकीच्या टेकड्यांना एकेक ओळ. त्यांचं अक्षर तोवर कापू लागलं होतं, म्हणून टिपणी साफ उतरवून काढायला माझ्याकडे पाठवली. मी उतरवली. अकराव्या क्रमांकाला लिहिलं होतं: लोहटाकी, उल्लेखनीय वनस्पती नाही.

ती ओळ मी माझ्या मोत्यांसारख्या अक्षरात लिहिली. बाहेर पळस फुलला होता, एवढं आठवतं. लिहून झाल्यावर मी टाक पुसला आणि जेवायला गेले. का बोलले नाही? नोकरी गेली नसती. ताशेरा आला असता फार तर. खरं सांगायचं तर मला त्यांच्या चेहऱ्याची भीती वाटली. एक चेहरा पडताना पाहावा लागू नये म्हणून मी एक टेकडी पडू दिली.

टिकरोला वाचला. टेकडीला तारेचं कुंपण झालं, फाटकावर सरांनी दिलेल्या नावाची पाटी लागली. आणि सर निवृत्तीनंतर दर भाद्रपदात तिकडे जाऊ लागले. करोल बागेतल्या दोन खोल्यांतून पहाटे निघायचं, बस, मग कामगारांनी खच्चून भरलेली शेअर ऑटो, मग पायी. पुढे कंपन्यांच्या बसमधली ओळखीची झालेली पोरं त्यांना हात देऊन वर घेत, "बाबूजी, मिला आपका फूल?" असं विचारत. "सो रहा है," सर सांगत. संध्याकाळी मातीनं भरलेल्या पावलांनी ते परत येत, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करत: यंदाही निजली आहे, बाय.

कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात ते महिन्यातून एकदा मला जेवायला बोलवत. आमटी-भाताच्या निमित्तानं चार मराठी शब्द कानी पडावेत, एवढाच हेतू. सत्तरी ओलांडली होती त्यांनी. श्रावणातल्या एका रविवारी ते काठी घेऊन आले. आदल्या वर्षी टिकरोल्याच्या निसरड्या कातळावर पडून त्यांचा गुडघा गेला होता. "यंदा शेवटची खेप," ते म्हणाले. "मुलगी ओरडते. पण मला वाटतं यंदा वर येईल." आणि त्यांच्या म्हाताऱ्या डोळ्यांत जी उत्सुकता चमकली, तिच्यापुढे माझी तीस वर्षांची हुशारी उभी राहू शकली नाही.

"सर, ती टिकरोल्याला नव्हतीच," मी म्हटलं. "लोहटाकीला होती. मी चिठ्ठी दुसऱ्या दिवशी टेबलाशी लिहिली."

वाटीतल्या आमटीवर पंख्याच्या वाऱ्यानं बारीक सुरकुती धरली होती. सर तिच्याकडे पाहत राहिले. ज्याच्या भीतीनं मी एवढं केलं तो चेहरा पडलाच नाही. तो नुसता रिकामा होत गेला, दुपार टळल्यावर एखाद्या खोलीतून ऊन निघून जातं तसा. लोहटाकीचं काय झालं होतं, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. त्यांचं मधलं बोट टेबलावर एकदा आपटलं.

"किती होती?"

"पंचवीस-तीस असतील."

"फुलात?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर मी ऋणी झाले असते. पण ते अगदी हळू, जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले, "कशी दिसत होती गं? पांढरी म्हणजे कशी? देठाशी हिरवी झाक होती? वाऱ्यावर दांडा हलायचा की ताठ होता? सांग ना. मी कधी पाहिली नाही."

मी तोंड उघडलं. पृथ्वीवर त्या फुलांकडे शास्त्र शिकलेली एकच जोडी डोळ्यांची वळली होती, आणि ती माझी होती. मी पाहिलं होतं ते घड्याळ. साडेअकरा वाजले होते. तेवढं आजही सांगू शकते.

"आठवत नाही, सर," मी म्हटलं. "मी पाहिलीच नाहीत नीट."

त्यांनी मान हलवली. उठले. काठी शोधताना हात क्षणभर चाचपडला, मी पुढे केला तो घेतला नाही. दारापाशी थांबून, मागे न वळता म्हणाले, "मला सांगून काय उपयोग, बाय? मी आज आहे, उद्या नाही. शीटला सांग."

त्या भाद्रपदात ते कुठेच गेले नाहीत. फोन आला नाही. मी केला तर त्यांची मुलगी, नफिसा, म्हणायची, अब्बा झोपलेत. दोन हिवाळे उलटले आणि धुक्यानं सूर्य गिळलेल्या एका पौषातल्या सकाळी तिचाच फोन आला. मी गेले तेव्हा त्यांना पांढऱ्या चादरीत गुंडाळलं होतं. तोंडावरचं कापड नफिसानं मला पाहता यावं म्हणून उचललं, फार हळूच. त्याचा आवाज मी ऐकला.

लोहटाकीला मी एकदा जाऊन आले. टेकडी नाही, तिच्या जागी पत्र्याच्या शेडांच्या रांगा, यंत्राच्या तेलाचा वास, पाळी सुटताना गेटातून फुटणारा माणसांचा लोंढा. गावाचं नाव चार जणांना विचारलं. एकजण म्हणाला, "ऐसा तो कोई गाँव नहीं है, माताजी, सेक्टर बोलो." गाव राहतं, असं सर म्हणाले होते. तेवढं एक त्यांचं चुकलं.

माझी चिठ्ठी मी निवृत्त होण्याच्या आदल्या आठवड्यात चिकटवली. जुनी काढली नाही. तिच्या उजवीकडे बोटभर जागा होती. अक्षर वेडंवाकडं आलं, आणि आयुष्यात प्रथमच मला ते बरं वाटलं. लिहिलं: हा नमुना टिकरोल्याचा नाही. लोहटाकी, पूर्वेचा उतार. ती टेकडी आता अस्तित्वात नाही. पहिली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून लिहिलेली आहे. फुलांचा रंग पाहिलेला नाही. खाली सही, तारीख.

हे सगळं ओवीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग नेम चेंज कर ना, यार आजी. सिंपल." सिंपल नाही ते. नाव शोभत नाही, एवढ्या कारणानं ते बदलता येत नाही. जिथं ती कधी उगवली नाही त्या गावाचं नाव, तिला कधी न पाहिलेल्या माणसानं दिलेलं, जोवर माणसं झाडांना नावं देत राहतील तोवर तिरक्या अक्षरांत छापलं जाईल, आणि त्याच्यापुढे नाव देणारा म्हणून त्या माणसाचं नाव.

"सॉरी बोललीस का त्यांना?" ओवीनं विचारलं.

"नाही गं. त्यांनी विचारलं ते दुसरंच होतं."

अलीकडे दुपारी डोळा लागता लागता मला ती फुलं दिसतात. कधी दुधासारखी शुभ्र असतात, कधी पाकळीच्या पाठीवर जांभळी रेघ असते, कधी देठाशी हिरवी झाक. दांडा कधी वाऱ्यावर डुलतो, कधी ताठ राहतो. दर वेळी इतकी खरी दिसतात की उठून फोन लावावा. पण मी माझ्यातल्या या लबाड म्हातारीला ओळखून आहे. ती सरांना आवडेल ते रंगवून दाखवते आहे, आणि ऐकायला ते नाहीत. काळ वस्तू उचलून नेतो आणि नाव तेवढं मागे सोडतो. आणि नेमक्या वेळी जी हजर नव्हती ती स्मृती, मर्तिकाला उशिरा पोचलेल्या नातलगासारखी, उरलेला जन्म त्या नावाच्या उशाशी बसून राहते, आणि चेहरा कसा होता हे कुणाला विचारावं, तिला कळत नाही.